जमीन कुणीकडं आहे?

सर, तुमच्या खुर्चीवर अजून कुणी बसलेलं नाही. मीही नाही. खिडकीशी होती तशीच आहे, पाठीवर तुमचा टॉवेल आहे, आणि शेजारच्या टायरच्या दुकानातला कॉम्प्रेसर नेहमीप्रमाणे मी बोलायला तोंड उघडलं की सुरू होतो. काळजी करू नका, असं लिहिणार होते. पण ते खातं तुमच्याकडं कधीच नव्हतं, ते माझं. 'काळजीवाहू सरकार' हे नाव तुम्ही मला दिलंत तेव्हा मी तुमची विद्यार्थिनी होते, परीक्षेच्या आदल्या दिवशी हॉल तिकीट पुन्हा पुन्हा चाचपून बघणारी. पुढं तुम्ही निवृत्त होऊन आपल्या गावी नळदुर्गला आलात, हायवेलगत दोन खोल्यांत हे उपचार केंद्र काढलंत आणि मला तुळजापूरहून बोलावून घेतलंत. माझ्या नावापुढं पदवी लागली होती, तरी हाक तीच. पेशंटसमोरसुद्धा. "बसा जरा, आमचं काळजीवाहू सरकार येतंय."

आज कॉलेजची पोरं आली. दर महिन्याला येतात तशीच, ऑक्युपेशनल थेरपीच्या दुसऱ्या वर्षाची. तुम्ही गेल्याचं त्यांना कळलं होतं. दारात चपला काढून उभी राहिली आणि आत यायला कुणी तयार होईना. मग मी तुमचंच केलं. एकाला म्हटलं, दार ढकल, पण बिजागरीजवळ एक बोट लावून. तो ढकलत राहिला, लाल झाला, दार हललं नाही. मग म्हटलं, आता कडीजवळ बोट लाव. दार उघडलं आणि पोरं हसत आत आली. "ताकद तीच, अंतर बदललं," असं तुमचं वाक्य मी म्हणून टाकलं. दंडाचा स्नायू कोपराच्या अगदी जवळ, बिजागरीशी चिकटलेला असतो, म्हणून हातातल्या साध्या पिशवीसाठीही त्याला केवढा जोर काढावा लागतो, हेही सांगितलं. पोरांनी लिहून घेतलं. माझं लक्ष मात्र रस्त्याकडं होतं. अकरा वाजता अणदूरहून महानंदा येणार होती.

तुमच्या पहिल्या तासाला मी पहिल्या बाकावर होते. तुम्ही पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला ओठाशी नेलात, मग सावकाश खाली टेबलावर ठेवलात. "खाली ठेवताना कुठला स्नायू काम करत होता?" कोपर सरळ होतोय, म्हणजे दंडाच्या मागचा, असं आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. पेला पुन्हा उचललात आणि विचारलंत, "जमीन कुणीकडं आहे?" आम्ही खाली फरशीकडं बघितलं. "पेला खाली न्यायला जमीन समर्थ आहे. तिला तुमच्या स्नायूची गरज नाही. तो धाडकन पडू नये म्हणून त्याला धरून, हळूहळू सैल सोडत कोण आणतंय? पुढचाच स्नायू. उचलणाराच ठेवणारा असतो." मग माझा हात धरून माझ्या दंडावर माझीच बोटं ठेवायला लावलीत. खाली नेताना पुढचा स्नायू टणक होता. मला तेव्हा जी गंमत वाटली, तिच्यावर मी आजवर जगले आहे, सर. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "बरं, चहा सांग."

आपण भांडलो मात्र खूप. ढोकीकडं ऊसतोडीच्या लोकांना बघायला गेलो होतो, तेव्हा मी मोठ्या अक्षरांत एक तक्ता करून नेला होता: कमरेत वाकू नका, गुडघ्यात वाका. तुम्ही तो वाचलात आणि फडाच्या बांधावर बसून हसलात. "ऊस मुळाशी तोडायचा असतो गं. दिवसभर उठाबशा काढेल का तो माणूस? आधी त्याचं काम बघ, मग त्याची कंबर बघ." मी चिडले. येताना सगळा रस्ता वाद घातला. ढाब्यावर थांबलो तरी वाद चालूच होता आणि त्या नादात तुम्ही माझ्या वाटणीची शेवभाजी संपवलीत. आधी त्याचं काम बघ. हे वाक्य मी जपून ठेवलं होतं, आणि नंतर एक दिवस तुमच्यावरच उगारलं. तो आपला शेवटचा वाद.

महानंदाचा.

ती माळवदावर शेवया वाळत घालायला चढली होती आणि कडेवरून खाली पडली. मानेला मार लागला. मोठ्या दवाखान्यातून घरी आली तेव्हा पाय गेलेले होते आणि हातांत एवढंच उरलं होतं: खांदा, कोपर वाकवणं, आणि मनगट वर उचलणं. बोट एकही हलत नव्हतं. तिची आई नीलव्वा तिला आपल्याकडं घेऊन आली, तेव्हा तुम्ही तिच्या मनगटाकडं बघून असे खूश झालात, की मला वाटलं आता ती बाई रागावेल. "मनगट उचलतं ना? मग घास खाईल ही," तुम्ही म्हणालात.

पोरांना समजावताना तुम्ही घरून काकूंचा बटवा आणायचात. नाडी ओढली की तोंड मिटतं. बोटं मिटवणाऱ्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटावरून जातात. मनगट वर उचललं की त्या ताणल्या जातात, अपुऱ्या पडतात, आणि बोटं आपोआप आत येतात. मनगट खाली सोडलं की दोऱ्या सैल पडतात आणि बोटं उघडतात. स्नायूत जीव नसला तरी चालतं, फक्त दोऱ्या थोड्या आखूड असायला हव्यात. म्हणून अशा माणसाची बोटं चोळून-ओढून सरळ करायची नाहीत, आणि मनगट उचललेलं असताना तर मुळीच नाही. किंचित आखडलेली बोटं हीच त्याची पकड. तुम्ही काकूंच्या जुन्या पातेल्यात पाणी तापवून प्लास्टिक मऊ केलंत, महानंदाच्या दोन्ही हातांना मनगट सावरून धरणारे स्प्लिंट करून दिलेत, आणि थोड्याच आठवड्यांत तिच्या उजव्या हातात जाड मुठीचा चमचा राहू लागला. पहिला घास तिनं तुम्हाला दिला होता. साखर घातलेला दहीभात. तुम्हाला साखर वर्ज्य होती आणि तुम्ही तो खाल्लात.

मग नीलव्वा म्हणाली, "डाक्टर, डावा हात तेवडा उघडून द्या."

का, म्हणून विचारलं तर तिनं लेकीच्या गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. "लगीन होऊन गेली तवापासून एक दिस चुकला न्हाय तिचा. डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा करायची. आता हात मुडपलाय, लिंग ठिवायचं कुटं? म्या धरते माझ्या हातावर, पर ती माझी पूजा झाली. तिची कुटं झाली?" महानंदा खाली बघत होती. मग हळूच म्हणाली, "जेवण काय, अव्वा भरवती. हे कुणी दुसऱ्यानं करायचं नसतंय."

तुम्ही सरळ नाही म्हणालात. त्या दोघी गेल्यावर मी म्हटलं, डावा हात पूजेला देऊन टाकू या. उजव्यात पकड ठेवू, डावा उघडा करू. तुम्ही भडकलात. दोन हातांनी पेला धरता येतो, गाडीचं चाक ढकलता येतं, एक हात घालवायचा म्हणजे निम्मं आयुष्य घालवायचं. "देव थांबेल काळजीवाहू, दोऱ्या थांबणार नाहीत. एकदा सैल झाल्या की झाल्या." मी म्हटलं, आधी त्याचं काम बघ, हे तुम्हीच शिकवलंत. तिचं काम हे आहे. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. स्कूटरची किल्ली उचललीत आणि दारातून म्हणालात, "गुरुवारी बोलू. तोवर तू काळजी कर."

तो गुरुवार आलाच नाही. बुधवारी सकाळी काकूंचा फोन आला.

सर, मला तुमचा राग आला होता, अजूनही येतो. माणूस वाद असा अर्धा टाकून जातो का? तुमच्या घरी अंगणात लोक बसलेले, काकू आतल्या खोलीत, आणि माझ्या डोक्यात तेव्हाही महानंदाचा डावा हात होता. लाज वाटली. पण तुमच्याजवळ उभी राहून मी मनातल्या मनात तेच विचारत होते, आता कुणाचं खरं धरायचं? दिवस झाल्यावर काकूंचं पातेलं घासूनपुसून परत द्यायला गेले. वर्षानुवर्षं त्या ते मागत होत्या. त्यांनी ते हातात घेतलं, आत बघितलं, तळाला चिकटलेला प्लास्टिकचा एक पांढरा कपटा नखानं टोकरला आणि पातेलं माझ्याकडं परत दिलं. म्हणाल्या, "राहू दे तिथंच."

केंद्र तेवढे दिवस बंद होतं. उघडलं त्या दिवशी नीलव्वाचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "मॅडम, तुमी यायची वाट न्हाय बघितली बगा. आळंदहून माझी बहीण आली व्हती. लई चांगला हात हाय तिचा. रोज तिळाचं तेल लावून चोळलं, मनगट वर धरून एकेक बोट वडून सरळ केलं. हात उघडला! पाट्यावानी सपाट! दोनी हात!"

दोन्ही हात.

मी "बरं झालं" असं काहीतरी बोलले. फोन ठेवल्यावर जमिनीवरच बसले. त्या मावशीचा काय दोष? पोटच्या लेकीसारखी भाची, हात मुडपलेला दिसला, माया आली, तेल घेतलं. आपल्याकडं बाळंतिणीपासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना हेच औषध. बंद हात उघडणं यात वाईट असेल असं कुणाच्या मनात तरी कसं येईल? तिनं नेमकं मनगट वर धरून बोटं ओढली, म्हणजे दोऱ्यांना दोन्हीकडून ताण. इतक्या थोड्या दिवसांत पकड कायमची जात नाही, हे मला ठाऊक आहे, पुस्तकात आहे. पण पुस्तकात महानंदा नाही. तेव्हापासून मी घरी भाकरी थापताना माझंच मनगट बघत बसते. गॅस बंद केला का ते बघायला जिन्यावरून परत जाते, तर मनात गॅस नसतोच, चमचा असतो. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "सरकार, राजीनामा द्या." आणि मग दोऱ्यांचं तुम्हीच बघितलं असतंत.

आज अकराला रिक्षा आली. महानंदाला चाकाच्या खुर्चीत बसवून आत आणलं. पोरं भिंतीला टेकून उभी. नीलव्वानं आधी तुमच्या खुर्चीकडं बघितलं, पदर डोळ्याला लावला आणि मग कौतुकानं लेकीचे दोन्ही हात मांडीवर पालथे मांडले. खरंच सपाट होते.

मी उजवा हात धरला. म्हटलं, मनगट उचल. तिनं उचललं. बोटं आली, पण उशिरा, आणि पूर्ण नाही. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये फट राहिली. मी चमचा दिला. क्षणभर टिकला आणि मांडीवरून घरंगळत खाली गेला. त्याचा आवाज जेवढा झाला तेवढाच झाला असेल, मला फार मोठा वाटला.

"आदी धरत व्हते न्हवं मॅडम?" महानंदा म्हणाली. "तेलानं गेलं व्हय?"

नीलव्वाचा चेहरा माझ्यासमोर बदलत गेला. तिला कळायला लागलं होतं. "म्या तर चांगल्यासाटी..." एवढंच बोलली. पोरं माझ्याकडं बघत होती, मॅडम आता काय सांगणार म्हणून. मला काही सुचत नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, तर तुमचंच आलं. पोरांकडं वळून मी म्हटलं, "आधी सांगा, जमीन कुणीकडं आहे?"

एकजण म्हणाला, "खाली, मॅडम." बाकीची हसली. आणि सर, तो प्रश्न मी त्यांना विचारला होता, पण ऐकला मी.

आपण महानंदाचा हात नेहमी पालथाच बघत आलो. टेबलावर पालथा, मांडीवर पालथा. कारण पालथ्या हातात मनगट उचलायला जमिनीविरुद्ध जोर लावावा लागतो, आणि आपल्याला तोच जोर वाढवायचा होता. सगळा वाद आपण पालथ्या हातावर घातला. पण पूजेचा हात उताणा असतो! उताण्या हाताला मनगट उचलावं लागतच नाही. जमीनच त्याला मागं ओढते. मनगट मागं गेलं की दोऱ्या ताणणार, आणि दोऱ्या ताणल्या की बोटं...

मी टॉवेल घेतला. तुमच्या खुर्चीवरचाच, दुसरा जवळ नव्हता. दुमडून तिच्या डाव्या हाताखाली ठेवला, मनगटाच्या अलीकडंपर्यंत, आणि हात उताणा केला. पंजा आपल्या वजनानं मागं कलला. बोटं सावकाश वर आली. इतकी चोळलेली, ओढलेली, तरी आली, अर्धीमुर्धी, आणि तळहाताभोवती उभी राहिली. वाटीचा काठ असतो तशी.

नीलव्वा काही न विचारता पुढं आली. लेकीच्या गळ्यातलं लिंग सोडवून तिनं त्या तळहातावर ठेवलं. ते किंचित घसरलं आणि बोटांना टेकून थांबलं. सपाट हातावरून ते कधीच पडलं असतं. आखडलेल्या हातातच राहणार होतं. बोटं उघडायचीच गरज नव्हती, सर! तुम्ही डावा हात सोडायला तयार नव्हतात आणि मी तो देऊन टाकायला निघाले होते, आणि दोघांपैकी एकानंही तो उलटा करून बघितला नव्हता. मला हसू आलं, रडूही आलं, आणि तुमच्या खुर्चीकडं बघून मी मोठ्यानं "बघा" म्हटलं. पोरांना वाटलं त्यांना म्हणतेय. ती सगळी पुढं आली आणि बघू लागली.

महानंदा हातातल्या लिंगाकडं बघत होती. शेजारचा कॉम्प्रेसर बंद होता.

उजव्या हाताचं मी तिला खरं तेच सांगितलं. पुन्हा स्प्लिंट घालू, चोळायचं पूर्ण बंद, मनगट वर असताना बोटांना कुणी हात लावायचा नाही. चमचा परत धरशील असं मला वाटतं, पण वचन देता येत नाही. दोऱ्या किती मागं येतील ते त्या ठरवणार. तुम्ही असता तर छातीठोक बोलला असतात आणि ती बाई हसत घरी गेली असती. मला ते येत नाही. संध्याकाळपासून पातेल्यात पाणी तापवून मी स्प्लिंटचं नवं प्लास्टिक कापतेय आणि माझी कात्री सरळ चालत नाही.

पण निघायच्या आधी काय झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. नीलव्वानं पिशवीतून विभूतीचा खडा काढला आणि सवयीनं लेकीच्या कपाळाला लावायला गेली. महानंदानं मान मागं घेतली. "म्या लावते," म्हणाली. नीलव्वानं खडा तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर घासला. डाव्या हातात लिंग तसंच होतं. महानंदानं कोपर वाकवला, मनगट उचललं, अर्धवट मिटलेली ती बोटं कपाळापर्यंत नेली आणि डावीकडून उजवीकडं ओढली. तीन रेघांचा एकच जाड फराटा झाला, भुवईपासून केसांपर्यंत तिरपा. नीलव्वाचा हात आपोआप तो पुसून नीट करायला वर गेला.

"र्‍हाऊ दे, अव्वा," महानंदा म्हणाली. "तसाच र्‍हाऊ दे."

नीलव्वानं हात खाली घेतला. रिक्षात बसेपर्यंत तो फराटा तसाच वाकडा होता.

सर, गुरुवारी बोलू, म्हणाला होतात. उद्या गुरुवार आहे. आणि आता माझ्याकडं सांगण्यासारखं आहे.